पेरीनाच्या टाक्यातली वाम

आमच्या बेटावर पाणी फक्त वरून येतं. झरा नाही, विहीर नाही, नदी तर शाळेच्या पुस्तकात पाहिलेली. हिवाळ्यात दक्षिणेचा वारा, आम्ही त्याला जुगो म्हणतो, ढग हाकत आणतो. चुन्यानं पांढऱ्या केलेल्या दगडी छपरांवरून ते पाणी पन्हळीत, पन्हळीतून अंगणाखालच्या टाक्यात उतरतं आणि वर्षभर तेच पुरवायचं. म्हणून आमच्या सुहोवारा गावात माणसाची किंमत टाक्यावरून ठरते. मुलीला स्थळ बघायला गेलेल्या आया आधी टाक्यात बादली सोडून बघायच्या, मुलाकडे नंतर.

टाक्यात वाम, सापासारखा तो लांब मासा, हवीच. डासांची अंडी, किडे खाऊन ती पाणी राखते. मुख्य भूमीवरच्या नदीच्या मुखातून करंगळीएवढी आणायची आणि सोडून द्यायची. अंधारात ती आपलं आयुष्य काढते, आणि माणसालाही लाजवेल इतकं लांब काढते. तिला खायचं नाही, तिला नाव ठेवायचं नाही आणि एकदा सोडली की घराबाहेर काढायची नाही. एवढंच आमचं शास्त्र.

तेता पेरीनाच्या टाक्यातली वाम तिच्या मुलानं आणली होती. तेता आम्ही थोरल्या कुठल्याही बाईला म्हणतो, पण पेरीनाला ते शोभायचं. माझं दुकान तिच्या दारासमोर. उभं आयुष्य मी गल्ल्यामागे बसून तिचं अंगण पाहत आले आहे, त्यामुळे तिच्याबद्दल बोलायचा हक्क बेटावर कुणाला असेल तर तो मला आहे. बाकीच्यांनी तिच्याबद्दल जे सांगितलंय त्यातलं निम्मं त्यांनी माझ्याच दुकानात उभं राहून ऐकलेलं आहे.

तिचा नवरा शिमे गवंडी होता. एकच मुलगा, याकोव. तो नऊ वर्षांचा असताना शाळेची सहल मुख्य भूमीवर गेली. खाऊसाठी दिलेल्या पैशांत पोरानं एका कोळ्याकडून वामीचं पिल्लू घेतलं, मुरंब्याच्या बरणीत घातलं आणि बोटीतून मांडीवर धरून आणलं. बरोबरच्या पोरांनी वाटेत आइस्क्रीम खाल्लं आणि हा बरणीतलं पाणी बदलत बसला होता. पेरीनाची आधीची वाम त्याच उन्हाळ्यात मेली होती. "आई, आता डास नाही व्हायचे," म्हणत त्यानं बरणी टाक्याच्या तोंडाशी उलटी केली. हे मी पेरीनाच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की बरणीचा रंगसुद्धा मला माहीत आहे.

एक्क्याण्णव साली लढाई लागली. याकोव एकोणीस वर्षांचा होता. गावातून सहा जण गेले, पाच आले. याकोवला डोंगरातल्या एका खिंडीत शेवटचं पाहिलं म्हणतात. प्रेत मिळालं नाही. कागदावर तो बेपत्ता, आणि पेरीनाच्या घरात तो बाहेर गेलेला. त्या धक्क्यानं शिमे दोन हिवाळेही जगला नाही. पेरीना जगली. सकाळी उठायची, टाक्याचं लोखंडी झाकण उचलायची, वाकून आत बघायची आणि मग कॉफी ठेवायची. पाऊस असो, ताप असो, यात कधी खंड पडला नाही.

कारण तिनं मला एकदाच सांगितलं. आम्ही दोघी माझ्या पायरीवर चाकवताची पानं निवडत बसलो होतो.

"ती आहे ना आत, म्हणजे तोही आहे कुठेतरी," ती म्हणाली. "त्याच्याच हातची आहे ती."

मी पानं निवडत राहिले. खरं सांगायचं तर मला तिचा राग यायचा. एवढी शहाणी बाई, सगळ्या गावाचे हिशेब चुकले तर तिच्या तोंडी बरोबर असायचे, आणि एका माशावर जीव टांगून बसली होती. पण राग आला तरी त्या झाकणाला हात लावायची हिंमत माझीही नव्हती.

बेपत्ता माणसांच्या कचेरीतली मुलगी दर दोन-तीन वर्षांनी बोटीनं यायची. मुली बदलायच्या, मागणं तेच.

"तेता, फक्त बोटाला सुई टोचायची. एक थेंब रक्त द्या."

"कशाला?"

"जुळवून बघायला. म्हणजे कुठे काही सापडलं असेल तर..."

"काही म्हणजे काय गं? माझा मुलगा म्हणजे 'काही' नाही. अंजीर घे. आमच्याच झाडाचे आहेत."

मुलगी अंजीर खायची, राकियाचा, आमच्या घरच्या दारूचा, एक घोट घ्यायची आणि संध्याकाळच्या बोटीनं परत जायची. पेरीना तिला धक्क्यापर्यंत पोचवायलाही जायची. मन वळवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

खालच्या दोन खोल्या ती उन्हाळ्यात पाहुण्यांना द्यायची. वरची खोली याकोवची. तिथलं अंथरूण दर शनिवारी बदललं जायचं आणि दाराला कुलूप असायचं.

आता त्या टाक्याबद्दल सांगायला हवं. टाकं एक आणि तोंडं दोन. एक पेरीनाच्या अंगणात, दुसरं भिंतीपलीकडे ताडियाच्या. शिमे आणि ताडियाचा बाप लुक्शा हे चुलतभाऊ, घरं एकाच आजोबांनी बांधलेली. एका कोरड्या वर्षी लुक्शानं आपल्या गाढवाला टाक्यातलं पाणी पाजलं, तेही तीन बादल्या. शिमेनं पाहिलं. शब्दानं शब्द वाढला आणि गाढवापासून आजोबांपर्यंत सगळ्यांचा उद्धार झाला. शेवटी दोघांनी शपथ घेतली की यापुढे एका पाण्याला तोंड लावायचं नाही. ऑगस्टात टाक्याचा तळ दिसायला लागला तेव्हा शिमे आत उतरला आणि त्यानं मधोमध भिंत घातली. दगड दोघांचे, चुना लुक्शाचा. लुक्शा मरेपर्यंत गावभर सांगत होता, "थेट छतापर्यंत घातलीय. मुंगीसुद्धा जाणार नाही." गावानं मान्य केलं. तेव्हापासून अलीकडचं टाकं पेरीनाचं, पलीकडचं लुक्शाचं, आणि त्याच्या मागे ताडियाचं. लुक्शानं आपल्या बाजूला पुन्हा वाम आणली नाही. तरी पाणी कसं स्वच्छ राहतं, याचं त्याला स्वतःचंच कौतुक होतं.

दोन वर्षांपूर्वी गावाला हिरव्या शिक्क्याचं वेड लागलं. वेड म्हणते, पण पोटाचाच प्रश्न होता. द्राक्षं गेली, मासे गेले, तरुण पोरं गेली, उरले ते पाहुणे. आणि पाहुणे पाठवणाऱ्या कंपनीनं कळवलं की पुढच्या मोसमापासून ज्या गावाकडे शाश्वत पर्यटनाचा जागतिक शिक्का असेल तिथेच माणसं पाठवू. तेलाच्या घाण्याच्या खोलीत सभा भरली. ताडिया आता गावचा प्रमुख झाला होता. वाईट माणूस नाही, पण बोलताना नेहमी असा उभा राहायचा की कुणीतरी त्याचा पुतळा करतंय.

"चार कलमं आहेत," तो म्हणाला. "कारभार, गावकऱ्यांचं भलं, संस्कृती आणि निसर्ग. चारीत पास झालो की शिक्का."

"देतं कोण हा शिक्का?" एका बार्बानं, म्हणजे म्हाताऱ्यानं, विचारलं.

"जग."

"जगाला आपलं बेट ठाऊक आहे?"

"ठाऊक व्हावं म्हणूनच शिक्का, बार्बा!"

सगळे हसले, ताडियाही हसला आणि ठराव झाला. मग आम्ही कचरा चार रंगांच्या डब्यांत टाकायला लागलो. तो नेणारा पडाव चारही डबे एकाच खणात रिकामे करायचा, पण ती जबाबदारी मुख्य भूमीची होती.

मार्चमध्ये तपासणीला हॉलंडची माइके आली. उंच, गोरी, गुडघ्यापर्यंत बूट, आणि आमची भाषा शिकून आलेली. तिला नावं ठेवायला मी तयारच होते, पण ती पेरीनाच्या अंगणात आली, टाक्याच्या कडेला सरळ पोटावर पालथी झाली आणि आत बघत राहिली. पेरीनानं पावाचा तुकडा टाकला. काळ्या पाण्यात काहीतरी जाडजूड वळलं.

"किती वर्षांची आहे?" माइकेनं विचारलं.

"माझ्या मुलानं आणलीय. नऊ वर्षांचा होता तेव्हा."

"आणि मुलगा?"

"बाहेर असतो," पेरीना म्हणाली.

माइके उठली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं, किंवा टाक्याची ओल असेल. वामी राखायची ही रीत तिनं संस्कृतीच्या कलमात घातली. अशी गोष्ट तिनं दुसरीकडे कुठे पाहिली नव्हती म्हणे. पण निसर्गाच्या कलमात पाणीही होतं. पाहुण्यांच्या तोंडी जाणारं पाणी तपासलेलं आणि जंतूंशिवाय हवं, जगात सगळीकडे तोच नियम. गावातल्या एकाही टाक्याचं पाणी पास झालं नाही.

"मग बाटलीचं पाणी देऊ," ताडिया म्हणाला.

"प्लास्टिक वाढवलंत तर त्याच कलमात मार्क जातील."

"मग करायचं काय?"

"टाक्यांत क्लोरीन घाला. मी मेमध्ये परत येते."

"आणि वाम?" पेरीनानं विचारलं.

माइकेनं पानं मागेपुढे केली. "ती संस्कृतीत आहे," ती ओशाळून म्हणाली. "पाणी वेगळ्या कलमात येतं."

क्लोरीनमध्ये वाम जगत नाही. लोकांनी आपापल्या वामी बादल्यांतून धक्क्यावर नेल्या आणि समुद्रात सोडल्या. आमच्या आयांनी पाहिलं असतं तर थोबाडं फोडली असती. मीही माझी सोडली. माझा मुलगा म्हणाला, "आई, पाहुणे नसले तर तुझ्या दुकानात येणार कोण, वाम?" त्याचं चुकलं नव्हतं, तरी त्या दिवशी मी कुणाशी बोलले नाही.

पेरीना ठाम होती. मी औषध घालणार नाही, एवढंच ती म्हणाली. घाण्याच्या खोलीत पुन्हा सभा भरली आणि तिला टोमणे ऐकावे लागले. "एका माशापायी आख्खं गाव उपाशी मारशील, तेता?" असं तोंडावर विचारलं गेलं. शेवटी ताडियानंच वाट काढली, आणि ती चांगली होती हे मी कबूल करते. पेरीनाच्या खोल्या पाहुण्यांच्या यादीतून काढायच्या. पाहुणे नाहीत म्हणजे पाण्याचं कलम तिला लागू नाही. वाम राहील, रीत दाखवायला एक घर उरेल आणि दोन्ही कलमं पास.

"पण तुझे उन्हाळ्याचे पैसे बुडतील, तेता," ताडिया म्हणाला.

"बुडू देत. मला कितीसं लागतं?"

ती घरी आली ती माझ्याकडे बघून हसली. बऱ्याच वर्षांनी मी तिला दात दिसेपर्यंत हसताना पाहिलं.

मेच्या मध्यावर शेजारच्या बेटावरची तिची बहीण वारली. पेरीना मातीला गेली आणि मागोमाग जुगो सुटला. मेमध्ये असा पाऊस मी जन्मात पाहिला नव्हता. समुद्र खवळला, बोटी बंद पडल्या आणि दोन दिवस पन्हळी धो धो वाहत होत्या. गाव खूश होतं. उन्हाळ्याच्या तोंडावर टाकी भरली म्हणजे लॉटरीच. लोक छत्र्या घेऊन एकमेकांकडे जात होते आणि झाकणं उघडून बघत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी दुकानातला फोन वाजला.

"नेवेंका, पळत ताडियाकडे जा," पेरीना ओरडत होती. "औषध घालू नको म्हणावं. पाणी भिंतीवरून गेलं असणार!"

"कुठल्या भिंतीवरून? भिंत छतापर्यंत आहे ना?"

"कसली छतापर्यंत! छातीएवढी आहे. मध्येच चुना संपला, वर पाऊस आला. लुक्शाला लाज वाटली म्हणून तो तसं सांगत सुटला. शिमे म्हणाला, राहू दे, त्याचं नाक राहू दे." तिला धाप लागली होती. "मी दोरीच्या गाठीनं पाणी मोजून गेले होते. भिंत वर होती, आणि मेमध्ये पाणी चढतं कुठे गं? जा, पळ!"

मी पळाले. या वयात, या पायांनी. ताडिया अंगणात नळीनं फरशी धूत होता.

"औषध घातलंस?"

"सकाळीच," तो म्हणाला. "पावसानं छपरावरची सगळी घाण आत गेली असणार आणि उद्या बाई येतेय. म्हणून दुप्पट घातलं. का?"

मी सांगितलं. तो हसला.

"तेता म्हातारी झालीय. भिंत माझ्या बापानं छतापर्यंत घालून घेतलीय. मुंगीसुद्धा..."

"झाकण उघड."

"अगं पण..."

"ताडिया, झाकण उघड!"

त्यानं झाकण सरकवलं. क्लोरीनचा भपकारा नाकात गेला. त्यानं आत बॅटरी मारली आणि आम्ही दोघे वाकलो. काळं पाणी पार पलीकडे पोचलेलं होतं. पलीकडे, पेरीनाच्या बाजूला, तिच्या जुन्या झाकणाच्या भोकातून उन्हाची एक तिरीप पाण्यावर पडली होती आणि ती आम्हांला इकडून दिसत होती. मध्ये काहीच नव्हतं.

ताडिया तिथेच ओल्या फरशीवर बसला. "बाबा खोटं बोलला?" त्यानं मला विचारलं, जणू त्याचा बाप माझ्याकडे पाहुणा आला होता. "आयुष्यभर?"

"बापाचं नंतर बघ. पंप आण."

पंप लावला. देवाघरून आलेलं ते पाणी आम्ही दुपारभर गल्लीत ओतलं आणि लोक दारात उभे राहून पाहत राहिले. कुणी हसलं नाही, कुणी विचारलं नाही. अंधार पडायच्या आधी भिंतीचं डोकं वर आलं. शिमेच्या हाताचे शेवटचे दगड, वर चुना नसलेले. त्यांच्या अलीकडे, ताडियाच्या बाजूला, ती तरंगत होती. हातभर लांब, पोट वर, पांढरं.

"दुसरी आणू," ताडिया म्हणाला. "कुणाकडून तरी. सगळ्या सारख्याच तर दिसतात."

"सगळ्या समुद्रात सोडायला लावल्यास तू. आणि आणलीस तरी पेरीनाला काय सांगणार? ती रोज बघते तिला. तुझ्या बायकोला तू इतकं बघितलं नसशील."



दुसऱ्या दिवशी समुद्र निवळला. पेरीना आणि माइके एकाच बोटीनं आल्या. ताडिया धक्क्यावर उभा होता, टोपी हातात. मी त्याच्यामागे. पेरीना फळीवरून उतरली, तिनं आधी त्याच्या टोपीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ती रडली नाही. तिनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि चालू लागली.

अंगणात बादलीवर ओला पंचा टाकला होता. माइकेनं आत येताना विचारलं, "वाम बघू ना, तेता?"

"दाखवते," पेरीना म्हणाली आणि तिनं पंचा काढला.

माइकेच्या हातातली फाइल खाली गेली. ताडिया बोलायला लागला, भिंत, बाप, पाऊस, दुप्पट. पेरीनानं हात वर केला तसा तो गप्प झाला.

"तुझ्या बापाचं नाक मीच वाचवलं," ती म्हणाली. "मला मजा वाटायची. आमच्या वामीनं राखलेलं पाणी लुक्शा पितो आणि छाती फुगवतो. किती वर्षं मी मनात हसत होते. एका शब्दानं सांगितलं असतं तर झालं असतं. हसले मी, भोगलं तिनं."

वाम तिनं अंजिराखाली पुरली. पाण्याचे नमुने स्वच्छ निघाले, जंतू शून्य. शिक्का मिळाला. धक्क्यावर हिरवी पाटी लागली आणि तिच्यावर चार कलमांची चार चित्रं. संस्कृतीचं चित्र म्हणून वळसा घातलेली एक वाम काढली आहे. माइकेनं ती काढून टाका असं पत्र दोनदा पाठवलं, पण पाटी एकदा रंगवली की पुढच्या तपासणीपर्यंत तीच चालते म्हणे.

माइके गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पेरीना माझ्या दुकानात आली. चांगला काळा झगा, डोक्याला रुमाल.

"बोटीला अजून वेळ आहे. माझ्याबरोबर शहरात येतेस?"

"कशाला?"

"रक्त द्यायला."

मी दुकान बंद केलं. कचेरीतल्या मुलीनं सुई टोचली तेव्हा तिनं बोटाकडे पाहिलंही नाही, भिंतीवरच्या पंख्याकडे बघत राहिली.

ऑक्टोबरात तीच मुलगी बेटावर आली. यावेळी तिच्याबरोबर एक पाद्री होता, त्यामुळे धक्क्यावरच सगळ्यांना कळलं. याकोव सापडला होता. सापडला होता म्हणजे त्या खिंडीतून त्याला काढून वीसएक वर्षं झाली होती. शहरातल्या एका इस्पितळाच्या तळघरात, फळीवर, नंबर लावलेल्या पेटीत तो होता. फक्त नावासाठी अडलं होतं. जुळवायला त्याच्या रक्ताचं कुणी आलं नव्हतं.

त्याला आणलं त्या दिवशी सगळं गाव धक्क्यावर होतं. पेटी इतकी हलकी की दोघांनी उचलली असती, पण चौघांनी उचलली, त्यातला एक ताडिया. शिमेच्या शेजारी जागा होती. पेरीनानं मूठभर माती टाकली आणि मग बराच वेळ हात झटकत राहिली. मी तिला धरून होते आणि माझंच रडं थांबत नव्हतं. इतकी वर्षं तिच्यावर रागावले, ते सगळं त्या दिवशी डोळ्यांवाटे गेलं.

मातीनंतर आठवड्यानं ताडिया तिच्या अंगणात आला. मी तिच्याकडेच कॉफी पीत होते. त्याच्या हातात काचेची बरणी होती आणि आत करंगळीएवढी एक वाम. नदीपर्यंत जाऊन आणली होती त्यानं.

"तेता, मी माझ्या खोल्या बंद करतो," तो म्हणाला. "टाकं एकच आहे तर एकच राहू दे. औषध नको नि शिक्का नको. हिला सोड. भिंतही पाडतो मी, पूर्ण."

पेरीनानं बरणी घेतली, उजेडात धरली. बराच वेळ ती त्या पिल्लाकडे बघत होती आणि मला वाटलं, सोडते आता.

"आणलीस ते बरं केलंस," ती म्हणाली. "हिला समुद्रात सोड, अजून लहान आहे."

"पण तेता..."

"ऐक. मी इथे वाम सांभाळत बसले. रोज सकाळी झाकण उघडून बघत होते, माझं पोर जिवंत आहे म्हणून. आणि माझं पोर तिकडे फळीवर पडून होतं, वीस वर्षं, आईच्या रक्ताच्या एका थेंबासाठी. पोरी इथवर येऊन मागत होत्या. मी त्यांना अंजीर खायला घालत होते." तिनं बरणी त्याच्या हातात परत दिली. "मला टाक्यात आता काही जिवंत नको. औषध आहे का तुझ्याकडे?"

ताडियानं माझ्याकडे पाहिलं. तो भिंतीपलीकडे गेला आणि क्लोरीनचा डबा घेऊन आला. किती घालायचं ते तिनं त्याला विचारून घेतलं, झाकण उचललं, आत न बघता मापानं ओतलं आणि झाकण पुन्हा बसवलं. मग झग्याच्या खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि त्यातून एक छोटी किल्ली सोडवली.

"पुढच्या मोसमाला माझ्या खोल्या यादीत घाल, ताडिया. दोन नाही, तीन लिही. नेवेंका, चल वर. गादी उन्हात टाकायचीय, माझ्या एकटीनं नाही उचलायची."